रिकामा रकाना

नेरूळला नवव्या मजल्यावर, मधल्या खोलीत,
पडदे ओढून मी रात्रभर अंधार राखते.
काळोख नीट नसला की करडा रंग खोटं बोलतो.
शेजारच्या टिपणीसबाईंना वाटतं,
मी शेअर्सचं काहीतरी करते.

दोन मॉनिटर. त्यांच्यावर येतात
धडगावहून गुडघे, अहेरीहून डोकी,
सावंतवाडीच्या कुणा पोराच्या घशात अडकलेला रुपया.
माणसं येत नाहीत.
आकडा येतो, वय, लिंग,
आणि 'श्वास धरा' म्हटल्यावर
कुणी किती धरला, तेवढं दिसतं.
एवढ्यावरून मी ओळखते कोण घाबरलं होतं.

अलीकडे माझ्याआधी यंत्र बघतं.
लाल चौकोन काढून ठेवतं, हुशार विद्यार्थ्यासारखं,
उत्तराखाली दोन रेघा मारून.
तीन वाजता मला डुलकी लागते, त्याला नाही.
गेल्या महिन्यात मणक्यातली एक बारीक फट
मी सोडून दिली होती, त्याने नाही सोडली.
आभार मानायचे तर कुणाचे?
मी नुसतं 'मान्य' दाबलं.
कंपनीचे वर्तक म्हणतात, दोन वर्षांत
तुम्ही फक्त सही करायची, मॅडम.
चांगलंच आहे की.
जिथे डॉक्टर पोचत नाही
तिथे निदान चौकोन तरी पोचेल.

मग मंगळवारी रात्री ही छाती आली.
पु, ४७. खोकला, दम.
चौकोन वरच्या दोन्ही भागांत :
क्षयरोग, सत्त्याऐंशी टक्के.
जुनी नोंद : क्षयाचा पूर्ण कोर्स, दोनदा.
मी 'मान्य'वर बोट नेलं
आणि थांबले.
ठिपके फार सारखे होते, चाळून घेतल्यासारखे.
आणि मुळाशी गाठी, कडेने चुना धरलेल्या,
अंड्याच्या टरफलाइतक्या पातळ.
व्यवसाय : रकाना रिकामा.

सात वाजेपर्यंत थांबून फोन लावला.
एक्स-रेच्या गाडीवरची साबळे जांभई गिळत म्हणाली,
"तिमण्णा धोत्रे. खडी फोडतो, मॅडम. लहानपणापासून."
कुठे?
"इथेच की. तुर्भ्याला."

तुर्भे.
माझ्या स्वयंपाकघरातून अर्धा कापलेला डोंगर दिसतो, तो.
रिक्षाने वीस मिनिटं.
आणि ही छाती कुठल्या कुठल्या सर्व्हरला वळसा घालून
माझ्यापर्यंत आली,
धडगावच्या गुडघ्याइतकीच लांबून.

यंत्राला दोष देऊन मोकळी झाले असते.
पण ते शिकलं कुणाकडून?
माझे अकरा वर्षांचे रिपोर्ट त्याच्या पोटात आहेत.
अशा किती छात्यांखाली मी लिहिलंय,
'क्षयाची शक्यता. प्रत्यक्ष तपासणीशी ताडून पाहावे.'
ताडून कोण पाहणार होतं?
रकाना तेव्हाही रिकामाच असायचा,
आणि एका छातीचे साठ रुपये मिळायचे,
फोन केला तरी साठच.

चौकोन खोडला. लिहिलं :
दगडाची धूळ, फुप्फुसात बसलेली.
क्षयाची औषधं पुन्हा सुरू करण्याआधी थुंकी तपासा.
खाली, फॉर्मात जागा नव्हती तिथे,
'हे काम थांबवावं', आणि पुसलं,
त्या कामावर घरी कोण कोण जेवतं
मला कुठे माहीत होतं,
आणि पुन्हा लिहिलं.

प्रणालीने विचारलं,
ही दुरुस्ती शिकण्यासाठी वापरू?
वापर बाबा, शीक.
आणि विचारायलाही शीक.
त्याला मात्र बटण नव्हतं.

साडेसातला खिडकी उघडली.
कट्ट्यावर रोजच्यासारखी धूळ.
बोट फिरवलं, उजेडाकडे धरलं.
करड्याच्या इतक्या छटा मला वाचता येतात,
ही अकरा वर्षं फडक्याने पुसत आले.

मग साबळेला पुन्हा फोन लावला :
तुमची गाडी उद्या किती वाजता असते,
आणि नक्की कोणत्या वळणावर?