केळडाळ

हरेश्वर तांडेल नोकरीला लागला तेव्हा
त्याला वाटलं, केळडाळ हे एखादं कडधान्य असेल.
साहेब म्हणाले, "केळडाळ लाव,"
आणि हा कोठीत डबे धुंडाळत बसला.
पुढे तीस वर्षं तोच लावत आला
लांब मानेचे सहा चंबू, तिरके,
खाजणातल्या बगळ्यांसारखे.

मी एकदा सांगितलं, अरे, हे माणसाचं नाव.
डेन्मार्कचा. बिअरवाल्यांच्या प्रयोगशाळेत होता.
जवाच्या दाण्यात प्रथिन किती
हे त्याला मोजायचं होतं,
आणि प्रथिन काही हात वर करून हजर म्हणत नाही.
तेव्हा त्याने दाणा उकळत्या गंधकाम्लात टाकला,
रंग, रूप, जवपण, सगळं जाऊ दिलं
आणि नायट्रोजन तेवढा धरून ठेवला.
"म्हणजे आधी जाळायचं, मग सावडायचं,"
हरेश्वर म्हणाला.
वहीत मी पद्धत लिहिली. हे नाही लिहिलं.

आज परळच्या या तिसऱ्या मजल्यावर
चांगुणा वैती बाकावर बसून आहे सकाळपासून.
कंपनीने तिच्या सुक्या बोंबलाचा माल परत केला,
कागदावर बावन्न टक्के लिहून.
"बावन्न कशाचे?" तिने विचारलं,
आणि तिथे कुणी सांगितलं नाही.

दहा वाजता बोंबील काळा डांबर झाला.
बाराला तपकिरी.
दोनला चंबूत निळसर हिरवं, नितळ पाणी.
ती काचेजवळ आली. "हा माझा बोंबील?"
पंखा घरघरत होता, मी मान हलवली.
तिचा विश्वास बसला नाही, आणि बसावा असं
दाखवण्यासारखं माझ्याकडे काही नव्हतं.

मग हरेश्वरने कॉस्टिक ओतलं, वाफ वर चढली,
सांध्यातून किंचित निसटली.
चांगुणाने पदर नाकाला न लावता
उलट श्वास आत ओढला.
"आता आला," ती म्हणाली.
"माल दमट राहिला की वलांडीवर असाच येतो."

थेंब थेंब. जांभळ्याचं हिरवं.
पुन्हा ब्युरेट, हिरव्याचं जांभळं.
आलेल्या आकड्याला सव्वासहाने गुणलं.
सव्वासहाच का, तिने विचारलं.
शंभरात सोळा नायट्रोजन, असं धरतात, मी म्हटलं.
"धरतात?"
धरतात.
ती हसली. "वाटा लावताना आम्हीपण धरतो."

एकसष्ट पूर्णांक चार. शिक्का मारला.
नमुन्याची उरलेली पुडी सीलबंद कपाटात जाईल,
तीन महिने आमच्या फायलींना वास येईल.

कागद चार घड्या करून कमरेला खोचताना
तिने विचारलं, तो केळडाळवाला, आहे का अजून?
गेला, हरेश्वर म्हणाला, कधीच. मॅडमनी सांगितलेलं.
पन्नाशीचा होता. समुद्रात पोहायला उतरला
आणि पाण्यातच गेला.

चांगुणा दारात थांबली.
"बॉडी मिळाली ना?"

हरेश्वरने माझ्याकडे पाहिलं.
मी इतकी वर्षं त्याचे चंबू वापरले,
मला माहीत नव्हतं.