तिजोरीचा आकडा

नेब्रास्कात हरणांचा मोसम उघडला
की व्हर्लिन पहाटेच उठून बूट शोधतो.
डावा सापडतो. मग कशासाठी ते विसरतो.

याच माणसानं दोन्ही पोरांना शिकवलं:
बंदूक रिकामी असली तरी भरलेलीच समज.
नळी माणसाकडं नाही, कुत्र्याकडंसुद्धा नाही.
काडतुसं वेगळ्या कुलपात.

ऑगस्टात त्यानं मला विचारलं,
बाई, तुम्ही कोण? माझ्या घरात कशा?
आवाज अगदी शांत होता,
म्हणून जास्त भ्याले.
त्या रात्री मी तिजोरीचा आकडा बदलला.
शेजारचा ड्वेन म्हणाला, सगळ्या माझ्याकडं ठेवतो.
मी म्हणाले, बघू.
त्याच्या वडलांची रायफल आहे त्यात.

आज तळघरात दिवा दिसला.
गुडघ्यांवर बसून, पोलादाला कान लावून
तो चकती फिरवत होता.
सहा, चौदा, एकाहत्तर.
पुन्हा सहा, चौदा, एकाहत्तर.

चौदा जून. आमचं लग्न.
माझं नाव गेलं,
तारीख बोटांत राहून गेली.

"बिघडलंय हे," तो म्हणाला.
"हो," मी म्हणाले, "बिघडलंय."
वर येऊन ड्वेनला फोन लावला:
गाडी घेऊन ये. आजच.

खाली अजून चकती फिरत होती.
सहा. चौदा.