एकोणतिसावा दिवस

हर्णैच्या बर्फ कारखान्यात हिशेब लिहितो.
सुटल्यावर बंदरात फोटो काढतो. एवढंच.

उद्या ट्रायल संपणार.
मग प्रत्येक फोटोवर कंपनीचं नाव
आडवं उमटेल,
पापलेटावर शिक्का मारावा तसं.

महिन्याला आठशे,
बोट समुद्रात जावो न जावो.
एकरकमी घ्यायचं तर साडेचार हजार,
आणि लेन्समधली बुरशी अजून तशीच.
भाचा म्हणतो, मामा, चोरीचं टाकून देतो की!
सरळ मार्गाचं, फुकट असंही एक आहे:
उघडेस्तोवर चहा होतो,
आणि सावली उजळायचं बटण
कुठल्या कोनाड्यात, देव जाणे.

काल द्रौपदी चोगल्यांना त्यांचा फोटो दाखवला.
लिलावातली टोपली, वर सुरमई,
तीन रात्री घासून मी चांदी केलेली.
त्यांनी मोबाइल लांब धरला, जवळ धरला.
"येवढी चकाकली
तर गिऱ्हाईक बोलंल, बर्फातली हाय."

बर्फातली.
मला सांगतात!

रात्री ती पट्टी मागे ओढत आणली,
हळूहळू,
सुरमई पुन्हा त्याच दिवसाची होईपर्यंत.
खवल्यांवर थोडी वाळू राहिली. राहू दे.

एवढं तर फुकटातलंही करत असेल.
चहा ठेवलाय.
ते उघडतंय.