मागची काच

गाडी जुनीच घेतली, द्वारकेजवळच्या एका डीलरकडून.
मागच्या सीटवर दोन खळगे होते,
कुणाच्या तरी मुलाची खुर्ची तिथे वर्षानुवर्षं बसलेली.
फटीत एक मोजा, करंगळीत बसेल एवढा,
आणि काचेवर रेडियमची पांढरी अक्षरं:
आईचा आशीर्वाद.
मागून येणारा ट्रक मला रफारातून दिसायचा.

जयवंतने हौसेने भर घातली.
जाळीचे पडदे, दोन मखमली उशा, टिश्यूचा डबा,
मान हलवणारा कुत्रा.
रिव्हर्स घेताना मी कुत्र्यालाच विचारायचे,
मागे कोणी आहे का रे?
तो सगळ्यालाच हो म्हणायचा.

सासूबाई म्हणाल्या, "खुर्ची कशाला? मांडी आहे ना माझी.
याला सटाण्याहून टेम्पोत आणला, पुढे बसून, मांडीवर.
काय झालं त्याला?"
काही नाही झालं, खरंच.
ज्यांना झालं
ते सांगायला मागच्या सीटवर नसतात.
हे मी बोलले नाही. मला पिंपळगावची शिफ्ट गाठायची होती.

पॅकहाऊसमध्ये दिवसभर द्राक्षं.
घड देठाने धरायचा, मण्याला बोट लावायचं नाही.
आधी पिशवी, मग पेटी, तळाला फुग्यांचा कागद,
कडेला जागा राहिली तर घड हलतो,
हलला की मणी गळतो.
नव्या पोरींना मी हे आवाज चढवून शिकवते.

त्या संध्याकाळी नाकारलेल्या मालातली एक पेटी
घरी आणत होते, मागच्या सीटवर, नुसती ठेवलेली.
ओझरच्या अलीकडे एका ट्रॅक्टरला अचानक घर आठवलं,
इंडिकेटर न देता वळला.
मी ब्रेक दाबला.
पेटी उडाली, माझ्या पाठीमागे आदळली.
साडेचार किलो.
जुई अकरा किलोची आहे.

कडेला थांबून मणी वेचले, पायपुसण्यावरचे, क्लचखालचे.
हात थरथरत होते असं नाही म्हणणार.
चिकट झाले होते.

रविवारी मुंबई नाक्याच्या दुकानात
रियाज तांबोळीने खुर्ची त्याच दोन खळग्यांत टेकवली,
गुडघा रोवून पट्टा ओढला, कपाळावर शीर येईपर्यंत.
"तोंड मागेच राहू द्या, ताई. मान कच्ची असते अजून.
आता हलवून बघा."
मी पेटी हलवावी तशी हलवली.
"पडदे काढू?"
काढ.
उशा सोफ्यावर गेल्या. कुत्रा टीव्हीजवळ बसतो,
तिथे त्याच्या होकाराने कुणाचं काही बिघडत नाही.
मग ब्लेडने अक्षरं खरवडली.
'आशीर्वाद' सहज निघाला.
'आईचा' काही निघेना, डिंकाचा डाग राहिला.
रियाज म्हणाला, थिनर संपलंय, पुढच्या रविवारी या.
तो रविवार अजून आलेला नाही.

जुईचा पहिला शब्द 'आजी' नव्हता.
'खट्' होता. बक्कल लागतं तसा.
सासूबाई दोन दिवस रुसल्या.
मग गंगापूर रोडला लग्नाला निघालो, त्या जुईशेजारी बसल्या,
नवं पातळ, मांडीवर आहेराची पिशवी.
जुईने त्यांच्याकडे पाहिलं. खट्.
"काय म्हणते गं ही?"
खट्.
तिसऱ्यांदा ओरडली, माझा पॅकहाऊसचा आवाज काढून.
सासूबाईंनी पदर सावरला, पट्टा चाचपला,
"पातळाची घडी मोडते हो," म्हणाल्या, कुणालाच नाही असं.
खट्.

आता आडगाव नाक्याच्या सिग्नलला मी आरशात बघते.
काचेवरचा तो डाग जुईला उलटा दिसतो,
मला आरशात सरळ.
ती बघते मागे पडत गेलेलं नाशिक, नारळवाला, पूल, दुसऱ्या कुणाचं कुत्रं,
आणि हसते, कशाला ते मला कळायच्या आत
ते मागे गेलेलं असतं.
डागातून मागचा ट्रक दिसतो.
लांब आहे.
अजून लांब आहे.