खिडकी क्रमांक चार

मी शब्दाला पैसे घेते, गप्प बसण्याला नाही.
त्यामुळे तोक्तोसून आला त्या दिवशी
माझं थोडं नुकसानच झालं.

पानेवेझीस. फेब्रुवारी. रस्त्यांवर मीठ टाकलेलं.
काचेपलीकडे वैदोतास, चष्म्याला दोरी बांधलेला,
अलीकडे आम्ही दोघं,
आणि खालच्या फटीतून आत सरकवलेला
एक किर्गिझ परवाना, कोपरे झिजलेले,
फोटोतल्या मिशा अजून काळ्या.

हा आमच्याकडे चालत नाही, वैदोतास म्हणाला.
चालत नाही, मी म्हणाले.
सव्वीस वर्षं चाललाय, तोक्तोसून म्हणाला,
आणि मी अडखळले :
परवाना, गाडी, की हा स्वतः?

कार्डाच्या मागे, त्या बारीक रांगेत,
पंचाण्णव हा आकडा लागतो.
आकडा असला की माणूस
थेट लिस्बनपर्यंत ड्रायव्हर असतो.
नसला, तर गाडीबद्दल बरंच काही ठाऊक असलेला
कुणी एक प्रवासी.

एकशे चाळीस तासांचा वर्ग, मग परीक्षा.
तो विचारतो, यात रात्रीचे धरतात का?

नावाच्या रकान्यात नाव लिहिलं.
अर्थ कुणी विचारला नव्हता, मी विचारला.
थांबो, म्हणाला. हा तरी थांबो.
आधीची तिघं राहिली नव्हती.
ड्रायव्हरचं नाव थांबो! तो स्वतःच हसला,
वरच्या दोन दातांच्या जागी सोनं.

प्रश्न सतरावा. लांब उतार, भरलेली गाडी,
चालक सर्वप्रथम काय करील? अ, ब, की क?

तो सांगू लागला. तो-आशूचा घाट,
बोगद्यातून बाहेर पडलं की ऊन तोंडावर आदळतं,
जुनी कामाझ, मागे अकरा टन बटाटे,
ब्रेकच्या नळीत हवा उरलेली नाही.
गियर एकेक करून खाली, दाढ उपटल्यासारखा आवाज.
शेजारी बायको. ओरडली नाही.
हातातली टरबुजाची फोड तेवढी बाहेर भिरकावली,
हात मोकळे असावेत म्हणून.

मी सगळं सांगितलं, फोडसुद्धा.
वैदोतासनं चष्मा काढून पुसला.
उत्तर कुठलं, त्यानं विचारलं.
अक्षराचं मला सांगता येणार नाही, तोक्तोसून म्हणाला.

दोन गुणांनी राहिला.
विश्रांती किती तासांनी, याला त्यानं
'झोप आली की' असं उत्तर दिलं होतं.
ते चूकच आहे.
माझा भाऊ कौनासच्या रस्त्यावर गेला
तेव्हा त्यालाही झोप आलेली नव्हती,
असं तो फोनवर म्हणाला होता.
हे मी कुठल्याच भाषेत बोलले नाही.

शेजारच्या खिडकीत लाटव्हियाचा रायविस, वय बावीस,
कार्ड दिलं, कार्ड घेतलं, चहा निवायच्या आत मोकळा.
बाहेर त्याला ट्रेलर मागे घेऊन
फाटकातून काढायचा होता.
एकदा वाकडा गेला. दुसऱ्यांदा त्याहून वाकडा.
मागच्या गाड्यांचे भोंगे सुरू झाले.

तोक्तोसून बर्फात उतरला.
स्टिअरिंगला हात लावायचा हक्क त्याला नव्हता,
म्हणून तो मागे जाऊन उभा राहिला, आरशात दिसेल असा.
दोन्ही पंजे वर. डावीकडे. अजून.
आता सरळ, ये, ये, बोटांनी नुसतं,
कुणी वासराला बोलवावं तसं.
मी पायरीवर उभी, बिनकामाची.
खांब वीतभर उरला आणि तो ओरडला,
तोक्तो!

रायविसला किर्गिझ येत नाही.
गाडी थांबली.

वैदोतास काचेतून बघत होता. त्यानं पेन उचललं,
समोरचा कागद पाहिला, पेन ठेवलं.

तोक्तोसून आत आला, बुटांवरचं मीठ आपटून झाडलं,
म्हणाला, पुढची तारीख विचार.

एकोणीस मार्च, सकाळी आठ.
स्वतःचं पेन आणावं.