जास्तीचं ताट

राई आण म्हटलं, तर वाण्यानं मोहरी दिली.
हालिनाताई पुडी उघडून बराच वेळ बघत बसली,
मग हसली, मग मोहरी डब्यात भरली.
तिच्या झुरेकला आता नागलीचं पीठ लागतं,
आमच्या पेठकडचं, माझ्या भावाच्या शेतातलं.
पाच दिवस आंबवायचं, लसूण टाकायचा, फडकं बांधायचं.
वास सुटला की मी ओळखते.
आंबील, मी म्हणते.
झुरेक, ती म्हणते.
पातेलं काही म्हणत नाही.

गंगापूर रोडला टायरवाल्याच्या शेजारी
आठ टेबलं.
खैरनारसाहेब ओझरच्या कारखान्यातनं रिटायर होऊन
गल्ल्यावर बसलेत आणि फोनवर तेच तेच सांगतात:
थाळी नाही हो. मधे भांडं ठेवतो,
ज्यानं त्यानं वाढून घ्यायचं, घरच्यासारखं.
पलीकडून विचारतात,
कुणाच्या घरच्यासारखं?

आणि शेपू.
पंचवटीच्या मार्केटातनं मी जुड्या पोत्यानं उचलते
तर भाजीवाला म्हणतो, खातं कोण एवढा?
आमच्याकडं पोरं शेपू बघून ताटावरनं उठतात.
ही बटाट्यावर घालते, काकडीवर घालते, माशावर घालते,
एकदा साहेबांच्या शर्टाच्या खिशात निघाला.

पेरोग्यांना मी पहिल्यांदा करंजीची मुरड घातली.
तिनं मोडली नाही.
माझा गावात असा केला तर बायका बोलतील,
एवढंच म्हणाली, आणि उकळत्या पाण्यात सोडली.

चोवीस डिसेंबरला हॉटेल बंद असतं.
बारा पदार्थ, मटण नाही, धरणातला रोहू.
टेबलक्लॉथखाली भाताचा पेंढा, इगतपुरीचा.
चांदणी दिसल्याशिवाय कुणी घास घ्यायचा नाही;
संकष्टीला चंद्र बघत उभं राहतात
तशी ती मागच्या दारात उभी.
आम्ही माणसं पाच. ताटं सहा.
एक येणाऱ्याचं.
कोण येणार? कुणी पण, ती म्हणते, रस्ता चुकला तो.
तिची आई मांडायची, आईची आई मांडायची,
ती स्वतः नाशकात एकतीस वर्षं मांडतेय.
जेवणं झाली की मी ते कोरडंच फळीवर ठेवते.
एक भांडं कमी, मला बरंच.

या वर्षी सव्वासातला शटर वाजलं.
अर्धं उघडं होतं. वाकून एक माणूस आत आला,
बाहेर द्राक्षाच्या क्रेटनी भरलेला पिकअप, चाक बसलेलं,
टायरवाला घरी गेलेला.
मिसळ मिळेल का?

कुणी बोललं नाही.
साहेबांनी चष्मा काढला, पुसला, पुन्हा घातला.
हालिनाताईनं खुर्ची ओढली.

बिटाचं सार बघून तो म्हणाला, तर्री कुठंय?
मी कांदा चिरून दिला, लिंबू दिलं.
त्यानं पेरोगी सारात कुस्करली, पावासारखी,
आणि वाटी पुढं केली: रस्सा.
नाशकात रस्सा मागितला तर नाही म्हणत नाहीत
एवढं तिला एव्हाना माहीत होतं.
तीनदा वाढला.
वणीचा निघाला, भिकन गांगुर्डे.
झुरेकचा घोट घेऊन थांबला,
हे तर आमची म्हातारी करते, म्हणाला.
माझ्याकडं कुणी बघितलं नाही. मी पण काही बोलले नाही.

पैसे काढायला लागला. ती नको म्हणे, हा ऐकेना.
शेवटी क्रेटमधनं चार घड टेबलावर ठेवून गेला,
अजून आंबटच होते.

नंतर ती बसून राहिली.
आईनं ताट मांडायला शिकवलं, म्हणाली,
कोणी आला तर काय बोलायचं, ते नाही शिकवलं.
कधी आलाच नाही ना कोणी.
साहेब म्हणाले, बोललीस की. खुर्ची दिलीस.
ती द्राक्षाचं देठ मोडत राहिली.

मी ताट उचललं.
खरकटं होतं, कडेला शेपूच्या काड्या
एक एक वेचून काढून ठेवलेल्या.
नळाखाली धरलं
आणि पहिल्यांदाच घासलं.