आमच्यात वाघ नाही

देवळाच्या चौकात साहेब फॉर्म घेऊन बसले.
डोक्यावर खांबातला लाकडी वाघ, जीभ बाहेर,
यंदाच्या शिगम्याला नव्याने रंगवलेला,
पिवळा ऑइलपेंट, पंचायतीच्या गेटाचा उरलेला.

या रानात वाघ आहे का?

नाही, म्हणाला पंच.
नाही, म्हणाला दुकानदार, बिबटा असेल.
वासंती गावस कुळागरातून आली, कंबरेला कोयता,
कुठला वाघ रे बाबा, म्हणाली,
आणि जाता जाता वाटेवरच्या वाघ्रोला
एक अबोली वाहून गेली.

मी फॉरेस्टचा रोजंदार.
कॅमेरे झाडांना मीच बांधतो.
तीन रकाने होते: पाहिला, ऐकला, ठसा.
तिन्हींत काट मारली.

हो म्हटलं की नकाशा येतो,
नकाशावर हिरवी रेघ,
रेघेच्या आत आमचे काजू,
साडेतीनशे झाडं, कागद एकाचाही नाही.
दगडातला वर्षाला एक नारळ मागतो, एक कोंबडा.
चालता-फिरता डोंगर मागतो.

रात्री त्याचं नाव घेत नाहीत आमच्यात.
व्हडलो म्हणायचं, मोठा, एवढंच.
लहानपणी वाटायचं ही भीती आहे,
पुढे वाटलं, मान आहे.
फॉर्म भरताना कळलं, सोयही आहे.

धाकू झोरेची गाभण म्हैस चवथीआधी गेली.
भरपाईच्या अर्जात कुणी मारली ते लिहावं लागतं.
धाकूने लिहिलं: कड्यावरून पडली.
कडा तिथून दीड कोस.
मग वाळपईच्या बाजारात भेटला,
हातात पुडी, कागदात दोनदा गुंडाळलेली.
उंदरांना, म्हणाला.
मी बरं म्हटलं.

त्या आठवड्यात कार्ड काढलं.
भेकर, साळिंदर, मीच वाकलेला,
मग रात्रीचे दोन चौदा:
वाघ्रोच्या दगडाशी थांबलाय,
गाल घासतोय दगडावर, डोळे मिटून,
मांजर उंबऱ्याला घासतं तसा.
पुढच्या फोटोत गालावर काळसर डाग.
तेल असेल. शेंदूर असेल.
रात्रीच्या कॅमेऱ्याला रंग कळत नाही.

धाकूला दाखवला, गोठ्याच्या दारात.
त्याने मोबाइल हातात घेतला नाही.
चपला काढल्या, मग वाकून पाहिलं,
बराच वेळ.
आमचा नव्हे, म्हणाला. पलीकडचा असेल, कर्नाटकातला.

पुडीचं मी विचारलं नाही.
म्हशी मात्र त्या रात्रीपासून
तो ओसरीवर बांधतो, स्वतः अंगणात निजतो.

कार्ड माझ्या खिशात आहे.
सोमवारी साहेब येणार.